दोरीच्या आतली खुर्ची

धाकटा आपल्या नकळत घरातलं सामान विकतोय, ही शंका काही केल्या आईच्या डोक्यातून जाईना. भाजी चिरायला बसली की ती शंका समोर येऊन बसायची. दार लावून अंथरुणावर पडली की उशाशी यायची. मुलगा चांगला, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशीच मुलं कुणाच्या तरी नादी लागतात आणि घरच्यांना सगळ्यांत शेवटी कळतं, असं तिनं ऐकलं होतं.

झालं होतं असं, की थोरलीच्या बाळंतपणासाठी आई परगावी गेली होती. घराची किल्ली धाकट्याकडे होती. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामाच्या जवळ खोली घेऊन राहायचा. आई परत आली, दार उघडलं आणि चप्पल पायातच राहिली. स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट नव्हतं. माळ्यावरचा जुना स्टोव्ह नव्हता. रेडिओ नव्हता. घड्याळाच्या जागी भिंतीवर एक फिकट गोल उरला होता. आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, बाबांची खुर्ची नव्हती.

तिनं तिथूनच फोन लावला.

"पॉलिशला दिलंय गं, आई."

"घड्याळ पॉलिशला?"

"घड्याळ तेल घालायला दिलंय."

"आणि स्टोव्ह?"

"बिघडला होता ना तो."

"तू शाळेत होतास तेव्हापासून बिघडलाय. आत्ताच काय त्याला धाड भरली?"

"आई, साहेब बोलावतायत," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो फोन उचलेनासाच झाला. 'कामात आहे', 'नंतर करतो', एवढेच निरोप यायचे.

शेजारच्या काकूंनी उरलीसुरली झोप उडवली. "टेम्पो आला होता हो वहिनी. मी विचारलं, काय रे, कुठे चाललं सगळं? तर म्हणतो, काकू, थोडंसं सामान हलवतोय. घामानं नुसता निथळत होता. असं इकडेतिकडे बघत होता, अगदी चोरासारखा. म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचंय?"

"चहा घेता का?" काकू म्हणाल्या.

धाकट्याचं एक होतं. त्याला कुणालाही 'नाही' म्हणता यायचं नाही. लहानपणी कंपासपेटी घेऊन शाळेत जायचा आणि दप्तरात नुसता कर्कटक घेऊन परत यायचा. छत्र्या तर किती दिल्या याची गणतीच नव्हती. एकदा समोरच्या घरातल्यांनी शिडी मागितली. घरात शिडी नव्हतीच. तर हा गल्लीच्या टोकाला जाऊन दुसऱ्या कुणाची तरी शिडी मागून घेऊन आला आणि यांना दिली. संध्याकाळी शिडीचा मालक दारात उभा. बाबा पोट धरून हसले होते. "आमच्या घरातलं धर्मादाय खातं आहे हे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आईला हसू यायचं नाही. तिला वाटायचं, अशा पोराला लोक लुबाडतील.

शिक्षणात त्याचं मन रमलं नाही. हातात मात्र कला होती. आधी कपड्यांच्या दुकानांत काचेमागची मांडणी करायचा. तिथून शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयात लागला. काम तेच, फक्त काचेमागे नव्या कपड्यांच्या जागी जुनी भांडी आणि हत्यारं. वस्तू उभी राहिली पाहिजे, पण कशाच्या आधारानं उभी आहे ते दिसता कामा नये, हे त्याचं कसब. घरी जेवायला आला तरी मिठाची बरणी इकडची तिकडे करायचा. "बघ आई, आता उजेड बरोबर पडला." बाबा म्हणायचे, "अरे, मीठ घालू तरी का आमटीत, की नुसतं बघायचं?"

मग बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून ते खुर्चीतच झोपायला लागले. लाकडी, रुंद हातांची खुर्ची. खिडकीतून वारा यायचा, म्हणून तिचं तोंड कायम खिडकीकडे. धाकट्यानं पुढच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी बसवल्या. त्यामुळे खुर्ची किंचित मागे कलायची आणि बाबांची मान पुढे पडायची नाही. पाचरी इतक्या बेमालूम बसवल्या होत्या, की खुर्ची मुळातच तशी आहे असं वाटावं. एका दुपारी आई औषध आणायला गेली. ती परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. घरात धाकटा एकटाच होता.

खुर्ची मात्र जागची हलली नाही. आई रोज ती पुसायची. स्वतः तिच्यावर कधी बसली नाही आणि दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. थोरलीचा मोठा मुलगा एकदा तिच्यावर चढला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्यावर बसायचं नाही!" पोरगं इतकं दचकलं की रडायला लागलं. थोरली मुलाला उचलून बाहेर घेऊन गेली. धाकट्याचं येणं त्याच सुमाराला कमी झालं. आला तरी दारातच उभ्यानं चहा प्यायचा. "बस की," आई म्हणायची. "घाई आहे," तो म्हणायचा.

तीच खुर्ची आता पॉलिशला गेली होती म्हणे.

संग्रहालय मधली दोन वर्षं बंद होतं. एका दालनाच्या छताचा तुकडा खाली पडला, म्हणून कुलूप लागलं होतं. आता दुरुस्त्या संपल्या होत्या. बसच्या पाठीवर, चौकाचौकात फलक झळकत होते. 'तुमच्या शहराचा इतिहास पुन्हा तुमच्या भेटीला.' एकदा उघडलं की धाकट्याला कायम करणार होते. इतकी वर्षं तो कंत्राटावर होता, आणि या एका गोष्टीसाठी आईचा जीव टांगणीला लागला होता. मधे त्यानं आपणहून एकदा फोन केला. "पहिल्या दिवशी येऊ नकोस हं, आई. मरणाची गर्दी असते. मी नंतर स्वतः दाखवतो तुला."

'येऊ नकोस' म्हटल्यावर आईचं ठरलंच. तिनं ठेवणीतले कपडे काढले, डबा भरला आणि बस पकडली. फोन उचलत नाहीस काय? मग बघते आता कुठे पळतोस.

दाराशीच पहारेकऱ्यानं डबा काढून घेतला. "आत खाण्याचे पदार्थ चालत नाहीत, बाई." शहराचा पहिला नकाशा, नदीवरच्या जुन्या पुलाच्या साखळ्या, पहिल्या नळाचा तुकडा, यातलं तिला काही दिसत नव्हतं. ती प्रत्येक पहारेकऱ्याला विचारत होती, "मांडणीचं काम करतो तो कुठे असेल?" प्रत्येक जण वर बोट दाखवत होता.

वरच्या मजल्यावर एका दालनापाशी गर्दी होती. दारावर लिहिलं होतं, 'सामान्य माणसाचं घर'. आई गर्दीत शिरली ती मुलाला शोधायला. आधी तिला घड्याळ दिसलं. मोठा काटा टोकाशी वाकलेला. असंच आपल्याकडे होतं, असं तिच्या मनात आलं. मग जाळीचं कपाट दिसलं. त्याच्या दाराची जाळी कोपऱ्यात फाटली होती आणि ती पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली होती. टाके तिरके होते. तिचेच होते.

दोरीपलीकडे तिचं घर मांडून ठेवलं होतं. रेडिओ, स्टोव्ह, सगळं. वरून पिवळा, मऊ उजेड सोडला होता. इतका छान उजेड त्या वस्तूंवर उभ्या जन्मात पडला नव्हता.

"बापरे! एवढ्याशा जागेत राहायचे लोक?" शेजारी उभी असलेली एक तरुण बाई नवऱ्याला म्हणाली.

"गरीब असणार बिचारे."

"गरीब नव्हतो," आईच्या तोंडून निघालं.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

पलीकडे एक शिक्षिका मुलांना समजावत होती, "त्या काळातल्या बायकांचा सगळा जन्म असा स्टोव्हपुढे जायचा." आईनं डोळे विस्फारले. सगळा जन्म तिनं टपाल कचेरीत काढला होता. त्या स्टोव्हला ती हातसुद्धा लावायची नाही, भडकेल म्हणून. तो पेटवायचे बाबा, आणि तो बिघडवलाही बाबांनीच.

"बाई, ही माणसं मेली का सगळी?" एका मुलीनं विचारलं.

"फार जुनी गोष्ट आहे, बाळा," शिक्षिका म्हणाली.

दोरीला एक पाटी लावली होती. 'घरगुती वस्तू. मूळ मालक: अज्ञात.' आईनं ती वाचली, पुन्हा वाचली. आपण जिवंत आहोत की नाही असाच प्रश्न तिला पडला. आणि मग कोपऱ्यात तिला खुर्ची दिसली. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मागच्या पायावर पांढऱ्या रंगानं बारीक आकडे घातलेले.

आपण दोरीखालून कधी वाकून गेलो ते तिला कळलं नाही. तिला फक्त खुर्चीचं तोंड फिरवायचं होतं. भिंतीकडे तोंड करून बसायला बाबा काय शिक्षा भोगत होते? पण खुर्चीपर्यंत पोचली, तिच्या हातावर हात ठेवला. आणि ती मटकन खुर्चीतच बसली. पाचरींमुळे पाठ किंचित मागे रेलली, बाबांची रेलायची तशीच.

"ओ बाई!" पहारेकरी ओरडला. "त्यावर बसायचं नाही!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. "माझी खुर्ची आहे ही," आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. शिक्षिकेनं मुलांना मागे ओढलं. तेवढ्यात गर्दीतून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, धाकटा धावत आला आणि जागच्या जागी थिजला.

"आई!"

"हे तुझं पॉलिश होय रे?"

त्यानं तिला हाताला धरून मागच्या कोठीत नेलं. खोक्यांच्या आणि गुंडाळलेल्या तारांच्या गर्दीत एका पेटीवर बसवलं, पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"विकलंस का? सांगून टाक एकदा."

"विकलं नाही गं! उसनं आणलं होतं." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "या दालनाचं मूळ सामान इथं कोठीत ठेवलं होतं. पेट्या उघडल्या तर वाळवी. हात लावला की भुसा. साहेब म्हणाले, कुठून तरी माग, कुठून तरी आण, पण मला दालन भरलेलं हवं."

"आणि तू म्हणालास, हो."

"हो."

"शिडीसारखं."

त्याला हसू आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. प्रत्येक वस्तूला त्यानं दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती, 'उसनी, परत द्यायची.' उद्घाटनाच्या आधी फोटो काढायला माणसं आली. चिठ्ठ्या फोटोत दिसतात म्हणून त्यानं त्या सोडून खिशात घातल्या. फोटो झाले की पुन्हा बांधू म्हणाला. तेवढ्यात खालच्या दालनातला दिवा निखळला, म्हणून तो तिकडे धावला. आणि नोंदणीच्या बाई पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन फेरीवर निघाल्या. त्यांचा नियमच होता. संग्रहालय उघडण्याआधी दालनादालनात फिरायचं आणि जी वस्तू बिननंबरी, बिनचिठ्ठीची दिसेल तिला नंबर घालायचा. एकदा नंबर पडला की ती वस्तू संग्रहालयाची. ती दाराबाहेर जात नाही.

"अरे, मग बोलायचं ना त्यांना तिथल्या तिथं!"

"बोललो असतो तर विचारलं असतं, कुणाच्या वस्तू. म्हणजे तुला न विचारता आणल्या तेही बाहेर आलं असतं. साहेबांना मी सांगून टाकलं, लोकांनी दिलेल्या वस्तू आहेत, नावं ठाऊक नाहीत. आणि उद्या माझा कायमचा कागद समितीपुढे जायचाय."

"मग माझ्याही पाठीवर नंबर घालून घ्यायचास. बसले असते स्टोव्हपुढे. त्या शिक्षिकेची सोय झाली असती."

"आई, प्लीज."

"बाकीचं मरू दे," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे मागितली असतीस तर खुर्ची मिळाली नसती? तीच का नेलीस?"

तो स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "तिला चिठ्ठी बांधलीच नव्हती मी."

"म्हणजे?"

"म्हणजे ती मला परत आणायचीच नव्हती."

आईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण तो पुढे बोलत होता, पहिल्यांदाच न थांबता बोलत होता. "दार उघडलं की आधी तीच दिसते मला. तू म्हणतेस, बस. आणि बघत राहतेस, चुकून तिच्यावर तर बसत नाही ना. मी दारातच उभा राहतो मग. त्या दुपारी मी होतो, आई. मी एकटा होतो त्यांच्याजवळ. तू मला एकदा तरी विचारलंस का, काय झालं होतं?"

तिला तो दिवस आठवला. लोक भेटायला आले होते, डॉक्टर येऊन गेले होते, थोरली रात्रीच्या गाडीनं आली होती. आईनं डॉक्टरांना विचारलं होतं. शेजारच्या काकूंनाही विचारलं होतं, तुम्हाला काही आवाज आला का म्हणून. याला मात्र कधी विचारलं नव्हतं. तसं सुचलंच नव्हतं. हा खुर्चीशेजारी उभा होता, आणि तिनं खुर्चीकडे बघितलं होतं.

दार वाजलं. संचालक साहेब आत आले. कोटाला अजून उद्घाटनाचं फूल होतं.

"पहारेकरी म्हणतो, या बाई खुर्ची माझी आहे म्हणत होत्या. काय प्रकार आहे? तू तर म्हणाला होतास, दिलेल्या वस्तू आहेत."

धाकटा स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसत राहिला.

"हे बघा बाई," साहेब आईकडे वळले, "मला स्पष्ट कळायला हवं. दुसऱ्याची वस्तू न विचारता आणली असेल आणि तिच्यावर आमचा नंबर पडला असेल, तर तिला चोरीच म्हणतात. मग तुमची वस्तू तुम्हाला चौकशी करून परत मिळेल. पण याला मी इथं ठेवू शकणार नाही. तुमची आहे का ही खुर्ची?"

"बघून सांगते," आई म्हणाली.

"बघून? आत्ताच बसला होतात की तिच्यावर!"

"घरी जाऊन बघते. आमची घरी आहे की नाही ते. वय झालं, गोंधळ होतो."

साहेबांनी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि खिशातून एक कार्ड काढून दिलं. "रात्री उशिरापर्यंत ऑफिसात आहे मी. आजच कळवा."

निघताना डबा परत घ्यायचं ती विसरली. बसमध्ये कुणीतरी उठून जागा दिली तरी ती उभीच राहिली.

घरी आल्यावर आईनं आधी दिवा लावला नाही. खिडकीतून शेवटचं ऊन आत येत होतं. खुर्ची होती तिथल्या फरशीवर चार चौकोन चकचकीत उरले होते, मागचे दोन लहान, पुढचे दोन पाचरींएवढे मोठे. बाकीची सगळी फरशी पायांनी घासून मळकट झाली होती. ती त्या चौकोनांच्या मधोमध उभी राहिली. ओरडावं, की रडावं, की त्या पोराच्या दोन थोबाडीत द्याव्यात, काही कळेना. आपण ज्याला घर विकणारा समजत होतो, तो आपल्या घरात साधं बसूही शकत नव्हता. आणि हे आपल्याला कुणी सांगितलं? दोरीपाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं, आपल्याच शब्दांत.

खुर्ची मागितली तर खुर्ची मिळणार होती. पुन्हा इथे, या चार चौकोनांवर. आणि तो मग दारापर्यंतही आला नसता.

ती बराच वेळ उभी होती. मग तिच्या लक्षात आलं, की खिडकीतून चांगलाच वारा येतोय आणि इतक्या वर्षांत आपण या जागी कधी उभंच राहिलो नव्हतो.

बाबांच्या शेवटच्या घटकेचं त्याला विचारायचं होतं, पण ते फोनवर नव्हे. तो आला, आत आला आणि बसला, की मग. आधी दुसरा फोन. तिनं पिशवीतून कार्ड काढलं, दिवा लावला, चष्मा पुसला. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं. खुर्ची आमचीच आहे, साहेब. सगळ्या वस्तू आमच्याच आहेत. मीच त्याला म्हणाले होते, घेऊन जा. तो विचारल्याशिवाय घरातली काडी हलवत नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना आवाज कापता कामा नये, म्हणून तिनं ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. पाटीवरचं 'अज्ञात' तेवढं खोडा, म्हणावं. आणि जाळीच्या कपाटाचं काहीतरी बघा, ते गेल्यापासून मुंग्यांनी साखर खाल्ली आमची.

आणि एक. खुर्चीचं तोंड भिंतीकडे नको. तिथं खिडकी असेल तिकडे करा. नसली खिडकी तर दाराकडे करा, पण वारा लागू दे.

तिनं नंबर फिरवायला घेतला.